सगळ्यात भारी पोरगा सगळ्यात हरणाऱ्या संघात का जातो?

एका क्रिकेटवेड्या मित्राने मध्यंतरी फोनवर दोन ओळी पाठवल्या. ‘सॅन अँटोनियो स्पर्स, २०२२-२३ : २२ विजय, ६० पराभव. सॅन अँटोनियो स्पर्स, २०२३-२४ : २२ विजय, ६० पराभव.’ आणि खाली प्रश्न : “अरे, या दोन ओळींच्या मधे तुमचा तो वेम्बान्यामा आला ना? मग फरक काय पडला?”

प्रश्न रास्त आहे. ज्याला ‘पिढीत एखादाच’ म्हणून जगाने आधीच डोक्यावर घेतलं होतं, तो आला आणि संघाने एक सामनासुद्धा जास्त जिंकला नाही. ‘लहान आहे, शिकेल’ असं म्हणून विषय संपवता येतो, पण ते अर्धंच उत्तर झालं. उरलेलं अर्धं एनबीएच्या, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगच्या, रचनेत आहे. सगळ्यात होतकरू पोरगा सगळ्यात रडक्या संघांपैकी एकाच्या पदरात पडावा, अशी सोयच तिथे करून ठेवलेली आहे. ती सोय कळली की या पोराची पहिली दोन वर्षं जरा वेगळी दिसायला लागतात.

आधी, हा आहे कोण?

व्हिक्टर वेम्बान्यामा. जन्म ४ जानेवारी २००४, पॅरिसजवळच्या ल शेने गावातला. आई बास्केटबॉल खेळलेली आणि शिकवणारी, वडील लांब उडी-तिहेरी उडीतले. उंची ७ फूट ४ इंच. दोन्ही हात आडवे पसरले तर या टोकापासून त्या टोकापर्यंत ८ फूट. बास्केटची रिंग जमिनीपासून १० फुटांवर असते. हा गडी टाच न उचलता नुसता हात वर करून उभा राहिला, तरी त्याची बोटं आणि रिंग यांच्यात फार तर वीतभर अंतर उरतं.

उंच माणसांचं बास्केटबॉलला नवल नाही. नवल याचं, की एवढ्या उंचीचा माणूस चेंडू टप्पे मारत पळवतो, वाटेत दिशा बदलतो आणि तीन गुणांच्या रेषेबाहेरून फेक करतो. ही कामं एरवी सव्वासहा फुटांच्या चपळ खेळाडूंची. क्रिकेटमध्ये सांगायचं तर ताशी १५० किलोमीटरने टाकणारा बोलर, जो सलामीला येऊन रिव्हर्स स्वीपही मारतो.

पंधराव्या वर्षी तो फ्रान्समधल्या नाँतेर क्लबच्या मुख्य संघाकडून उतरला. पुढे आस्वेल आणि मग पॅरिसच्या वेशीवरचा मेट्रोपॉलिटन्स ९२ असे क्लब झाले. अमेरिकेला त्याचं खरं दर्शन घडलं ते ऑक्टोबर २०२२ मध्ये. लास व्हेगासजवळ दोन प्रदर्शनी सामने ठेवले होते. पहिल्यात त्याने ३७ गुण केले, दुसऱ्यात ३६. ‘युनिकॉर्न’ (म्हणजे अतिदुर्मीळ) हा शब्द हल्ली कुणालाही लावतात, हा तर एलियन, परग्रहावरचा वाटतो, असं त्याच आठवड्यात लीगमधला दिग्गज लेब्रॉन जेम्स बोलला आणि ते नाव चिकटलं ते चिकटलंच.

जाता जाता : ज्या पहिल्या सामन्यात त्याने ३७ गुण केले, तो त्याचा संघ हरला होता. पण त्या रात्री ते कोण लक्षात ठेवणार!

२०२२-२३ च्या फ्रेंच लीगमध्ये गुण, रिबाउंड आणि ब्लॉक या तिन्हींत तो पहिला आला. रिबाउंड म्हणजे हुकलेल्या फेकीनंतर पकडलेला चेंडू. ब्लॉक म्हणजे समोरच्याची फेक हवेतच थोपवणं. असिस्ट म्हणजे ज्या पासवर सहकाऱ्याने गुण केले तो पास, आणि स्टील म्हणजे हिसकावलेला चेंडू. एवढे शब्द आले की पुढचं सगळं कळतं.

ड्राफ्ट : टीम पाडण्याचा उलटा नियम

लहानपणी मैदानावर आपण टीम पाडायचो. दोन कॅप्टन, टॉस, जो जिंकला तो सगळ्यात चांगला गडी आधी उचलणार. एनबीएमध्येही नवे खेळाडू असेच उचलतात, फक्त आधी कोणी उचलायचं हे टॉसवर ठरत नाही. जो मागच्या वर्षी जास्त हरला, तो पुढे. याला ड्राफ्ट म्हणतात.

आयपीएलच्या लिलावाशी त्याची गल्लत करू नका. लिलावात ज्याच्या खिशात पैसे तो बोली वाढवतो. ड्राफ्टमध्ये बोलीच नाही. संघाने नाव पुकारलं की त्या पोराचे हक्क त्या संघाचे. त्याला समुद्रकिनाऱ्यावरचं शहर हवं होतं की बर्फातलं, हे कोणी विचारत नाही. हेतू सरळ आहे : सगळी गुणी पोरं दोन-चार श्रीमंत शहरांत गोळा होऊ नयेत.

पण हेतू सरळ असला तरी माणसं तेवढी सरळ नसतात. हरल्याचं बक्षीस मिळत असेल तर कोणी मुद्दाम हरेल की नाही? हरतात. त्याला टँकिंग असा शब्दही आहे. खेळाडू मुद्दाम खराब खेळतात असं नव्हे. त्यांची स्वतःची कारकीर्द पणाला असते. मालक आणि व्यवस्थापक चांगल्या खेळाडूंना ‘विश्रांती’ देतात आणि कच्च्या पोरांना उतरवतात. एप्रिल २०२३ मध्ये डलास मॅव्हरिक्सने शेवटून दुसऱ्या सामन्यात नेमकं हेच केलं, तेव्हा लीगने त्यांना ७ लाख ५० हजार डॉलर दंड ठोठावला होता.

म्हणून १९८५ पासून शेवटच्या संघाला पहिला नंबर थेट न देता सोडत काढतात. तिला लॉटरी म्हणतात. २०२३ ची सोडत ज्या पद्धतीने झाली, ती ऐकण्यासारखी आहे. एका यंत्रात १ ते १४ आकडे लिहिलेले १४ पिंगपाँगचे चेंडू घोळवतात आणि एकामागून एक चार बाहेर काढतात. १४ तून ४ चेंडूंच्या १,००१ जोडण्या होतात. एक बाजूला ठेवायची, उरलेल्या १,००० संघांत वाटायच्या. सगळ्यात वाईट तीन संघांना प्रत्येकी १४०, म्हणजे १४ टक्के संधी. पुढच्यांना कमी कमी होत जाते. असे पहिले चार नंबर सोडतीने ठरतात आणि पाचव्यापासून पुढे पराभवांच्या क्रमाने.

आता डेट्रॉइट पिस्टन्सचं काय झालं बघा. २०२२-२३ मध्ये ते ८२ पैकी ६५ सामने हरले, लीगमध्ये तळाला. वर्षभराच्या त्या अपमानानंतर लॉटरीत चारही वेळा दुसऱ्याच कोणाचं तरी नाव निघालं आणि ते पाचव्या नंबरवर घसरले. याहून खाली शेवटचा संघ घसरूच शकत नाही. पहिला नंबर लागला स्पर्सला. त्यांना हा योग तिसऱ्यांदा आला : १९८७ मध्ये डेव्हिड रॉबिन्सन, १९९७ मध्ये टिम डंकन आणि आता हा. २२ जून २०२३ ला ब्रुकलिनमध्ये वेम्बान्यामाचं नाव पुकारलं गेलं, तेव्हा तो १९ वर्षांचा होता.

पगाराचं एका परिच्छेदात उरकतो. पहिल्या फेरीतल्या नवख्यांचा पगार घासाघिशीवर नसतो, ठरलेल्या तक्त्यावर असतो. पहिल्या नंबराला सर्वांत जास्त. वेम्बान्यामाला पहिल्या वर्षी सुमारे १ कोटी २१ लाख डॉलर, चार वर्षांचे मिळून सुमारे साडेपाच कोटी. आकडा डोळे दिपवणारा आहे, पण लीगमधल्या बड्या खेळाडूंना तेव्हा एकेका वर्षात याच्या जवळपास रक्कम मिळत होती. म्हणजे संघाच्या दृष्टीने हा सौदा स्वस्तातला होता.

मग पहिल्या वर्षी नेमकं झालं काय?

सुरुवातच अडखळत झाली. जुलैमध्ये नवख्यांची उन्हाळी स्पर्धा असते. लास व्हेगासमध्ये पहिल्याच सामन्यात वेम्बान्यामाने १३ फेकींपैकी फक्त २ रिंगमध्ये घातल्या, गुण ९. लगेच ‘हवा निघाली’ सुरू झालं. दोन दिवसांनी त्याने २७ गुण केले आणि तीच तोंडं परत ‘एलियन, एलियन’ म्हणू लागली. समाजमाध्यमांना मधली पायरी नसते.

खऱ्या हंगामात पाचव्याच सामन्यात, २ नोव्हेंबर २०२३ ला, त्याने फिनिक्सविरुद्ध ३८ गुण केले. स्पर्सचे तेव्हा तीन विजय, दोन पराभव. आणि मग ओळीने १८ पराभव. एका हंगामात एवढे सलग पराभव त्या क्लबने कधी पाहिले नव्हते. पाच विजेतेपदं मिळवलेला क्लब हा!

याचं एक कारण मैदानावरच दिसत होतं. बास्केटबॉलमध्ये पॉइंट गार्ड हा खेळ चालवणारा माणूस असतो. चेंडू त्याच्या हातात, कोणाला कधी द्यायचा हे तो ठरवतो. स्पर्सने प्रयोग म्हणून ही जबाबदारी जेरेमी सोहान या पावणेसात फुटी फॉरवर्डवर, म्हणजे पुढच्या फळीतल्या खेळाडूवर, टाकली. पोरगा जिद्दीचा, पण हे त्याचं काम नव्हे. विकेटकीपरच्या हातात नवा चेंडू देऊन ‘टाक पहिलं षटक’ म्हणण्यासारखं. परिणाम काय, तर रिंगपाशी मोकळा उभा असलेला वेम्बान्यामा हात वर करून चेंडू मागतोय आणि चेंडू येतच नाही, किंवा येतो तो त्याच्या गुडघ्यापाशी. हे दृश्य त्या नोव्हेंबरात इतक्या वेळा दिसलं की शेवटी मी आवाज बंद करून सामने पाहायचो.

दुसरं कारण त्याची जागा. सुरुवातीला त्याला एका दुसऱ्या उंच खेळाडूसोबत खेळवत होते, त्यामुळे बचावात तो रिंगपासून लांब ओढला जायचा. डिसेंबरमध्ये त्याला सेंटर केलं, म्हणजे रिंगजवळचा मुख्य राखणदार. जानेवारीत ट्रे जोन्स हा सराईत पॉइंट गार्ड पहिल्या पाचांत आला. तिथून त्याचा खेळ फुलला. मधे डलासमध्ये सामन्याआधी सराव करताना चेंडू गोळा करणाऱ्या पोराच्या पायावर त्याचा पाय पडला, घोटा मुरगळला आणि काही दिवस त्याला मोजून मिनिटं मिळायची. तेवढ्यातही त्याने डेट्रॉइटविरुद्ध २१ मिनिटांत १६ गुण, १२ रिबाउंड, १० असिस्ट केले. फेब्रुवारीत टोरोंटोविरुद्ध एकाच सामन्यात १० ब्लॉक. त्याच महिन्यात लेकर्सविरुद्ध २७ गुण, १० रिबाउंड, ८ असिस्ट, ५ स्टील, ५ ब्लॉक, म्हणजे पाचही रकान्यांत पाच किंवा जास्त. आणि अर्थातच, तो सामना स्पर्स हरले.

वर्षाअखेर सरासरी २१.४ गुण, १०.६ रिबाउंड, ३.६ ब्लॉक. सर्वोत्तम नवख्याच्या पुरस्काराला ९९ पैकी ९९ पहिली मतं. पण मला विचाराल तर मोठी गोष्ट वेगळीच होती : लीगच्या सर्वोत्तम बचाव संघात, पहिल्या पाचांत, त्याचं नाव आलं. त्याआधी कोणत्याही नवख्याला हे जमलं नव्हतं.

पावत्या मोजून पोलीस कळत नाही

बचावावर मी एवढा का अडतोय, ते सांगतो. इथेच आकडे सगळ्यात जास्त फसवतात.

चौकात ट्रॅफिक पोलीस उभा आहे. दिवसभरात त्याने चार पावत्या फाडल्या. त्याचं काम चार पावत्यांएवढंच का? त्याला लांबून पाहूनच हेल्मेट नसलेले पन्नास जण आधीच्या गल्लीत वळले, त्यांची नोंद कोणत्याच वहीत नाही. ब्लॉक म्हणजे पावती. वेम्बान्यामाचं खरं काम त्या गल्लीत वळलेल्यांमध्ये आहे.

पुढच्या वेळी त्याचा सामना पाहाल तेव्हा चेंडूकडे नको, चेंडू घेऊन रिंगकडे घुसणाऱ्याकडे बघा. तो आपल्या राखणदाराला चुकवतो, समोर रस्ता मोकळा, दोन ढांगांत सोपे दोन गुण. तेवढ्यात मान वर होते. रिंगखाली आठ फुटांचा पंखा उघडलेला दिसतो. पाय थबकतात, तो माणूस चेंडूचे टप्पे मारत चक्क मागे फिरतो आणि लांब उभ्या असलेल्या सहकाऱ्याला पास देतो. फेकीसाठी लावलेल्या घड्याळात चार सेकंद उरलेले, फेक घाईची, हुकलेली. स्कोअरकार्डमध्ये या प्रसंगासाठी वेम्बान्यामाच्या नावापुढे काय लिहिलं जातं? काहीही नाही. जमलंच तर एक रिबाउंड.

म्हणजे त्याच्याबाबतीत ‘किती गुण केले’ याइतकाच ‘समोरच्यांना काय करावंसं वाटलं नाही’ हा प्रश्न महत्त्वाचा. पण तो मैदानावर सरासरी तीस मिनिटंही नसायचा आणि सामना ४८ मिनिटांचा. पोलीस जेवायला गेला की चौक पुन्हा मोकाट.

“हरणाऱ्या संघात आकडे कोणीही काढतो”

ही शंका मित्राने लगेच काढली आणि ती हलकी नाही. संघात दुसरं कोणी नसलं की सगळ्या फेकी एकाच्याच वाट्याला येतात आणि सरासरी आपोआप फुगते. अशी फुगलेली नावं एनबीएत ढिगाने आहेत. वेम्बान्यामाचेही डाग होते. त्या वर्षी तीन गुणांच्या फेकींत त्याला जेमतेम ३२.५ टक्के यश आलं, आणि सामन्यामागे जवळपास चार वेळा तो चेंडू गमावत होता.

तर मग त्याला चांगल्या खेळाडूंसोबत, चांगल्या खेळाडूंविरुद्ध बघायला हवं. ती संधी ऑगस्ट २०२४ मध्ये आली. पॅरिस ऑलिंपिकची अंतिम लढत, फ्रान्स विरुद्ध अमेरिका. समोर लेब्रॉन, स्टीफन करी, केव्हिन ड्युरँट. फ्रान्स ९८-८७ हरलं, पण वेम्बान्यामाने २६ गुण केले, फ्रान्सकडून सर्वाधिक. फुगलेल्या आकड्यांना अशा रात्री टाचणी लागते. इथे ती लागली नाही.

“पण डंकनने तर पहिल्याच वर्षी संघ वर आणला”

हेही खरं. १९९६-९७ मध्ये स्पर्सने २० सामने जिंकले होते, डंकन आल्यावर थेट ५६. पण तपशील पाहिला तर तुलना गळून पडते. तो संघ मुळात वाईट नव्हता, आजारी होता. मुख्य खेळाडू रॉबिन्सन त्या वर्षी दुखापतीमुळे जवळजवळ खेळलाच नाही. डंकन आला तेव्हा रॉबिन्सन परतला होता. शिवाय डंकन चार वर्षं कॉलेज खेळून २१ व्या वर्षी आलेला, तयार माणूस. चांगल्या घरात आलेली सून आणि अजून बांधकाम चालू असलेल्या घरात आलेली सून, यांच्या पहिल्या वर्षाची तुलना कशी करणार?

जवळची तुलना लेब्रॉनशी होईल. २००३ मध्ये तो शाळेतून थेट क्लीव्हलंडमध्ये आला, शाळकरी असतानाच मासिकाच्या मुखपृष्ठावर झळकून. पहिल्या वर्षी २०.९ गुणांची सरासरी, तरी संघ ४७ सामने हरला. पहिली दोन वर्षं तो प्लेऑफमध्ये, म्हणजे हंगामानंतरच्या बाद फेऱ्यांत, पोचलाच नाही.

शरीर : ज्याची खरी धास्ती

गाजावाजा होऊन फसलेले पहिले नंबर थोडे नाहीत. २००७ मध्ये पोर्टलंडने ड्युरँटला सोडून ग्रेग ओडन या सातफुटी पोराला उचललं. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेत त्याचं पहिलं वर्ष गेलं आणि सगळी एनबीए कारकीर्द १०५ सामन्यांत आटोपली. २०१९ चा झायन विल्यमसन गुडघ्यामुळे पहिले ४४ सामने बाहेर होता आणि पुढे पाऊल मोडल्यामुळे एक अख्खा हंगाम. २०१३ चा अँथनी बेनेट वेगळा. तिथे शरीरापेक्षा निवडच चुकली.

वेम्बान्यामाच्या पायांची सगळ्यांना काळजी होती आणि घाव आला खांद्याकडून. दुसरं वर्ष झकास चाललं होतं : २४.३ गुण, ३.८ ब्लॉक, आणि पास कसा द्यावा हे ज्याला झोपेतही कळतं असा ख्रिस पॉल संघात आलेला. फेब्रुवारी २०२५ मध्ये, ऑलस्टार, म्हणजे लीगमधल्या निवडक ताऱ्यांच्या, सामन्यानंतर लगेच, उजव्या खांद्यात ‘डीप व्हेन थ्रॉम्बोसिस’ असल्याचं जाहीर झालं. म्हणजे आतल्या शिरेत रक्ताची गुठळी. ती सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेतू शकतं, म्हणून रक्त पातळ ठेवणारी औषधं देतात. आणि ती चालू असताना धक्काबुक्कीचा खेळ खेळता येत नाही, कारण आत कुठे मार लागला तर रक्त थांबायचं नाही. ४६ सामन्यांवर हंगाम संपला.

एनबीएतल्याच ख्रिस बॉश या नावाजलेल्या खेळाडूची कारकीर्द अशा गुठळ्यांनीच २०१६ मध्ये थांबली होती, म्हणून त्या बातमीने पोटात गोळा आला. पण बॉशला हा त्रास पुन्हा झाला होता, एकदा फुप्फुसात आणि एकदा पायात. दुसरीकडे, ब्रँडन इंग्रमला २०१९ मध्ये हातात गुठळी झाली, शस्त्रक्रिया झाली आणि पुढच्याच वर्षी तो ऑलस्टार खेळला. एकच शब्द, दोन वेगळ्या गोष्टी. बचावातल्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार मात्र वेम्बान्यामाच्या हातून गेला, कारण आता त्यासाठी ६५ सामने खेळावे लागतात.

जुलै २०२५ मध्ये डॉक्टरांनी परवानगी दिली. दरम्यान स्पर्स दोनदा पुन्हा लॉटरीत गेले होते आणि तिथून स्टीफन कॅसल आणि डायलन हार्पर असे दोन गार्ड आणले होते. पैकी कॅसल आपल्या वर्षाचा सर्वोत्तम नवखा ठरला. डिॲरन फॉक्स अदलाबदलीत आला. चेंडू गुडघ्यापाशी येण्याचे दिवस संपत आले होते.

२२ ऑक्टोबर २०२५, तिसऱ्या हंगामाची पहिली रात्र, डलास. वेम्बान्यामा : ४० गुण, १५ रिबाउंड, ३ ब्लॉक. स्पर्स १२५-९२ जिंकले. समोर डलासकडून पहिलाच सामना खेळत होता कूपर फ्लॅग, त्या वर्षीचा पहिला नंबर, वय १८. लॉटरीत डलासला तो पहिला नंबर लागण्याची संधी होती १.८ टक्के.

मित्राचा मेसेज आलाच : “हा नवा नंबर एक. १० गुण. फुसका बार?”

मी त्याला लास व्हेगासचं ते जुनं स्कोअरकार्ड पाठवलं. १३ पैकी २.